चुरगळे सरांचा उपास

कुस्तीच्या मॅटवर घासून घासून त्यांच्या कानांची पार रया गेली होती. पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखे दिसायचे दोन्ही कान. म्हणून कॉलेजातली पोरं त्यांना चुरगळे सर म्हणायची. एका नव्या क्लार्कनं तर नोटिशीवर तेच आडनाव टाइप करून टाकलं. सरांनी नोटीस वाचली, खाली सही केली आणि म्हणाले, "राहू दे. मलाच म्हणतात."

तरुणपणी ते स्वतः चांगले खेळायचे. गुडघा गेला आणि खेळ संपला. कॉलेजनं त्यांना आधी जाळ्या बांधायला आणि मैदानावर पाणी मारायला ठेवलं. जिमखान्याच्या तळघरात एक खोली मोकळी होती. तिथं त्यांनी जुन्या गाद्या अंथरल्या. त्यांच्यावर घालायचं कॅनव्हास बायकोनं घरी शिवून दिलं. सुई मोडायची आणि ती म्हणायची, "अहो, लोक बायकोला साडी आणून देतात, तुम्ही आखाडा शिवायला देताय." त्या गाद्यांवर पोरं तयार झाली. खऱ्या मॅट फार उशिरा आल्या.

शिकवायला तोंड फारसं लागत नसे. पोरगं चुकलं की सर चप्पल काढून मॅटवर उतरायचे, त्याचं मनगट धरायचे आणि चूक कुठं आहे ते त्याच्याच हाडाला सांगायचे. पण त्यांची खरी ख्याती होती ती उपासाची.

कुस्तीत वजनाचा गट असतो. पोरगं थोडं भरलं की त्याला वजन तोडावं लागतं. स्वेटरवर स्वेटर चढवून पळायचं, थुंकायचं, पाण्याकडे बघायचंही नाही. असल्या दिवसांत पोरं भुतासारखी फिरतात. सरांचा नेम असा होता की ज्या पोराला उपाशी ठेवायचं, त्याच्याबरोबर आपणही तोंडात काही घालायचं नाही. वजन झालं की पोरानं केळं खावं, ग्लुकोज प्यावं, कारण त्याला लढायचं असतं. सरांनी मात्र पोराची शेवटची कुस्ती होईपर्यंत थांबायचं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "भुकेलं पोरगं पोट भरलेल्या माणसाचं ऐकत नाही." आणि पोरं त्यांचं ऐकायची, एवढं खरं.

निवृत्तीला थोडे महिने उरले होते तेव्हा प्राचार्यांनी बोलावलं. तळघरात व्यायामाची यंत्रं बसवायची, भिंतींना आरसे लावायचे, असं त्यांच्या मनात होतं.

"सर, कुस्तीला येतं कोण आता?" प्राचार्य म्हणाले. "एक पदक तरी आणा या वर्षी. मग मला वर बोलायला तोंड राहील."

"आणलं तर?"

"तर तुमच्यामागं नवा माणूस नेमतो. शब्द देतो."

सरांना नोकरी वाढवून नको होती. आपण गेल्यावर तिथं कोणीतरी कोणाचं तरी मनगट धरलेलं असावं, एवढंच हवं होतं.

पदकाचं एकच पोरगं होतं. त्याला खिळा म्हणत. अंगानं बारीक, पण एकदा रुतला की उपटायचा नाही. स्पर्धेच्या आधी त्याचं वजन थोडं जास्त भरलं. सरांनी त्याला पळवलं, घाम काढला, शेवटी म्हणाले, "केस काप."

"सर, आधीच आई म्हणते, चेहऱ्यावर नुसतं नाक उरलंय. टक्कल केलं तर घरात घेणार नाही."

"नाकाचं वजन करत नाहीत वेगळं. काप."

खिळ्यानं डोकं भादरून घेतलं. सरांनी नेमाप्रमाणे जेवण सोडलं.

आता एक गोष्ट खिळ्याला माहीत नव्हती. सरांना साखरेचा आजार झाला होता. बायकोनं निघताना पिशवीत गोळ्या घातल्या आणि त्यांचा हात धरून वदवून घेतलं, "गोळी चुकवणार नाही म्हणा."

"नाही चुकवणार."

जेवणाचं तिनं विचारलं नाही. आता या वयात कशाला असलं काही करतील, असं तिला वाटलं. आणि सर शब्दाला पक्के. रिकाम्या पोटी, न चुकता, त्यांनी गोळ्या घेतल्या.

स्पर्धेचा हॉल मोठा होता. मॅटच्या कोपऱ्यात प्रशिक्षकाची प्लॅस्टिकची खुर्ची होती. खिळा पहिल्या कुस्त्या जिंकला, उपांत्य फेरीत हरला. राहिली तिसऱ्या क्रमांकाची कुस्ती. ती जिंकली की पदक होतं. सर मधे त्याच्या पोटऱ्या चोळत होते तेव्हा त्यांचे हात ओले आणि गार लागले.

"सर, तुम्हाला घाम आलाय."

"माझं बघू नकोस. त्याचा डावा पाय बघ. तो पुढं टाकतो."

डावा पाय पुढं आला, खिळ्यानं तो ओढून पट काढला, त्याला खाली घेतलं. मग आणखी एकदा. गुणफलकावर तो चांगलाच पुढं होता आणि वेळ संपत आली होती. आता नुसतं अंगचोरपणा न करता उभं राहायचं होतं. तेवढ्यात त्याला खुर्ची दिसली. सर एका बाजूला कलले होते, जणू खाली पडलेलं काही उचलताहेत. मग ते उचलता उचलता तसेच फरशीवर गेले.

खिळ्यानं समोरच्याचा हात झटकला आणि मॅटच्या बाहेर धावला. पंचानं शिट्टी मारली.

"अरे, परत ये. लोक आहेत त्यांना बघायला. परत ये, बाद करावं लागेल."

खिळ्यानं मागं वळून पाहिलं नाही. सरांचं डोकं मांडीवर घेतलं, मग दुसऱ्या एकाच्या मदतीनं त्यांना उचलून दाराकडे निघाला. पंच भला माणूस होता, जरा थांबला. पण नियम नियमच. त्यानं समोरच्या पोराचा हात वर केला. त्या पोरालाही कुठं बघावं ते कळेना.

दवाखान्यात सरांनी डोळे उघडले तेव्हा खिळा कॉस्च्यूमवरच उभा होता.

"निकाल?"

खिळ्यानं त्यांच्या पायांवर पांघरूण ओढलं.

"मॅट सोडलीस?"

"सर, तुम्ही पडलात."

"मी पडलो तर पडलो. तुला कोणी सांगितलं होतं?" सरांचा आवाज फाटला. "एवढं मिनिटभर उभा राहिला असतास. मेलो असतो तरी चाललं असतं मला."

बायको दारात पोचली होती. तिनं ते ऐकलं. आत आली, पलंगाच्या कडेला बसली, सलाइनची नळी सरळ केली. डॉक्टर तिला म्हणाले, उपाशीपोटी ही गोळी म्हणजे विहिरीत ढकलण्यासारखं आहे. ती म्हणाली, "ढकललं मीच. गोळी गोळी करून मागं लागले होते." नंतर खिळ्याला म्हणाली, "बाळा, त्यांचं मनावर घेऊ नकोस. माझं ऐक. तू बरोबर केलंस." खिळ्यानं मान हलवली. पण तो बघत होता सरांकडे, आणि सर भिंतीकडे.

प्राचार्य भेटायला आले. तब्येतीचं बोलले, तळघराचं बोलले नाहीत. त्यावरून सरांनी काय ते ओळखलं.

मॅट न्यायला टेंपो आला त्या दिवशी सरांना कोणी बोलावलं नव्हतं. तरी ते गेले. हमाल मॅटची घडी घालत होते.

"घडी नका घालू, चिरतं मधे. गुंडाळा." असं म्हणून सर स्वतःच गुडघ्यावर बसले. दुसऱ्या टोकाला कोणीतरी बसलं. बघतात तो खिळा. डोक्यावर केस परत आले होते, गाल भरले होते. दवाखान्यानंतर दोघं पहिल्यांदाच समोरासमोर येत होते. दोघं गुंडाळत पुढं सरकले.

"पलीकडच्या कॉलेजात जा," सर म्हणाले. "तिथले सर माझ्या ओळखीचे आहेत. मी बोलतो."

"जाऊन आलो."

"मग?"

"चांगले आहेत. मॅटही नवी आहे." खिळ्यानं गुडघ्यानं गुंडाळी दाबली. "पण लढताना माझं लक्ष सारखं कोपऱ्यात जातं. त्यांच्या खुर्चीकडे. ते चांगले जेवून बसलेले असतात, तरी जातं. दोनदा पाठ टेकली त्यात. सोडलं मी, सर."

सरांचे हात थांबले. तळघर गेलं म्हणून ते इतके दिवस झुरत होते. पोरगंही गेलंय, आणि ते प्राचार्यांनी घालवलेलं नाही, हे त्यांना आत्ता कळलं. काहीतरी बोलायला हवं होतं. पण आयुष्यभर जे सांगायचं ते मनगट धरूनच सांगितलेलं. आणि खिळ्याचं मनगट मॅटच्या त्या टोकाला होतं.

"कड सरळ धर," ते म्हणाले. "दुमडते आहे."

खिळ्यानं कड सरळ धरली. दोघांनी मॅट उचलली आणि जिन्यानं वर नेली.