माइमूच्या काठ्या

समजा, तुम्हाला पाण्यावर रेघ ओढायला सांगितली. होडीत सिमेंटचे ठोकळे आहेत, साखळ्यांची वेटोळी आहेत आणि पिवळे बोये आहेत. ठोकळा काठावरून लोटायचा, साखळी धडधडत सुटते तेव्हा आपला पाय तिच्या वेटोळ्यात नाही ना हे बघायचं, आणि बोया वर येऊन डोलायला लागला की मागच्या बोयाशी तो सरळ लागतोय का ते पाहायचं. साखळी आखूड पडली तर पाणी चढल्यावर बोया बुडतो. लांब पडली तर वाऱ्याबरोबर भटकतो. आणि हा बोया भटकला, तर शेजारचा देश म्हणतो, तुम्ही आमच्या हद्दीत घुसलात.

माइमू तामेओर्ग हे काम गेली कित्येक वर्षं करत होती. पेइप्सी तळ्याच्या दक्षिणेला पाणी चिंचोळं होतं. या काठाला एस्टोनिया, त्या काठाला रशिया. पलीकडच्या गावातलं कुत्रं भुंकलं की माइमूच्या हावाक्यूला गावातली कुत्री उत्तर द्यायची. हद्दीच्या करारावर शेवटची मोहोर कधी उमटलीच नव्हती, म्हणून जुनी ठरलेली रेषा दोघांनी मानायची असं चाललं होतं. वसंतात बर्फ वितळलं की दोन्हीकडचे अधिकारी मधल्या पाण्यात होडीला होडी लावत, नकाशा बघत, माना डोलावत. मग सरकारच्या कंत्राटावर माइमू बोये टाकायची.

या वर्षी पलीकडची होडी आलीच नाही. राजधानी ताल्लिनहून निरोप आला, मागच्या वर्षीच्याच जागी टाका. तिने टाकले. दोन दिवसांनी धुकं उतरलं, आणि त्या धुक्यात पलीकडच्या गस्ती बोटीने निम्मे बोये उचलून नेले.

त्याच सकाळी तिचा धाकटा भाऊ वेल्लो जाळी काढायला निघाला होता. जीपीएसवर इथे कुणी विसंबत नाही. पलीकडून कुणीतरी त्यात गोंधळ घालतं, आणि पडद्यावर आपली होडी कधी बटाट्याच्या शेतात दिसते, कधी विमानतळावर. म्हणून हावाक्यूलाचे कोळी यंत्रावर टोपी टाकतात आणि बापजाद्यांसारखे जातात: दक्षिणेला जाताना खुणा डाव्या हाताला ठेवायच्या, आणि पुढची खूण दिसेपर्यंत वळायचं नाही. रेषा जिथे उजवीकडे वळते, तिथलाच बोया गेला होता. वेल्लो तो शोधत सरळ गेला. गस्ती बोटीने त्याला होडीसकट नेलं.

तिसरा आठवडा उलटला तेव्हा ताल्लिनहून कास्पार नावाचा तरुण अधिकारी आला. बरोबर फिनलंड, लाटव्हिया आणि डेन्मार्क या मित्रदेशांचे पाहुणे होते. धक्क्यावर टेबल मांडलं होतं, त्यावर धुरी दिलेला मासा आणि काळा पाव. मासा वेल्लोनेच धरलेला होता; त्याची बायको लेइली तो कापत होती आणि कुणाकडेही बघत नव्हती.

"बाई, आम्ही अत्यंत तीव्र शब्दांत निषेध नोंदवलाय," कास्पार म्हणाला.

"किती तीव्र? वेल्लोला ऐकू गेला असेल का?"

"ते आपली परीक्षा बघताहेत. आपण चिडावं हेच त्यांना हवंय."

"मग पेपर माझ्या भावाने का सोडवायचा?"

लाटव्हियाची पाहुणी रिकाम्या पाण्याचे फोटो काढत होती. डेन्मार्कचा उंच गृहस्थ पावाचा तुकडा हातात धरून गंभीरपणे म्हणाला, "आम्ही तुमच्या खांद्याला खांदा लावून उभे आहोत." माइमूने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तो धक्क्याच्या कोरड्या टोकाला उभा होता.

"पाण्याचे बूट आणलेत का?" तिने विचारलं. कास्पारने याचं भाषांतर केलं नाही.

ती कास्पारला बाजूला घेऊन म्हणाली, "माझ्या शेडमध्ये जादा बोये पडलेत. उद्या टाकते. त्या वळणावर तरी टाकू द्या."

"नाही. आत्ता टाकले तर ते चिथावणी म्हणतील. मित्रदेशांशी बोलणं चालू आहे. सगळ्यांनी एका सुरात बोलायचं ठरलंय."

"आणि तुमचा सूर लागेपर्यंत? वेल्लोनंतर कोण, तेही ठरवून ठेवा. वळणापलीकडे अजून पाच घरांची जाळी आहेत."

कास्पारचा चेहरा उतरला. तो हळू आवाजात म्हणाला, "आपण जेमतेम तेरा लाख माणसं आहोत, बाई. त्यांना ज्या दिवशी निमित्त हवं असेल, त्या दिवशी ते तुमच्या बोयाचं असू नये, एवढंच बघतोय मी."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच तिच्या अंगाची लाही लाही झाली. निमित्त त्यांनी शोधायचं, आणि हात आखडून आपण बसायचं. माणूस आपला गेला, आणि आवाज खाली ठेवायचा तोही आपणच. तिने टेबलावरचं माशाचं ताट उचललं आणि शेवटचा पाहुणा हात पुढे करत असतानाच घरात नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेल्लोच्या शेडमध्ये शिरली आणि फाटकी जाळी ओढून बाहेर काढायला लागली. लेइली दारात येऊन उभी राहिली.

"ह्यात काय धरणार आहेस? भोकं एवढाली आहेत. मासा आत येईल आणि तसाच परत जाईल."

"जाऊ दे. त्याची तरी परतायची सोय होईल."

लेइलीला हसू आलं आणि मग ती दाराला टेकून रडली. रडून झाल्यावर विळा घेऊन कुंपणापलीकडे गेली आणि ज्युनिपरच्या काटेरी, सदाहिरव्या झुडपाच्या डहाळ्या कापून आणल्या.

या तळ्यावर जाळ्याचं टोक कळावं म्हणून तळात लांब काठी रोवतात आणि तिच्या शेंड्याला ज्युनिपरचा झुपका बांधतात. दुसऱ्याच्या काठीला कुणी हात लावत नाही, या काठावर नाही आणि त्या काठावरही नाही. तळं एकाच राज्यात होतं तेव्हाही नाही आणि राज्यं दोन झाली तेव्हाही नाही. ज्याने लावला, त्याची होडी पाण्यात लोटायला गावातलं कुणी पुढे होत नाही.

माइमूने जिथे जिथे बोये गेले होते तिथे वेल्लोच्या काठ्या रोवल्या, रेषेपासून हातभर आपल्या बाजूला, आणि प्रत्येक काठीला फाटकं जाळं बांधलं. वळणावरच्या काठीला सगळ्यात मोठा झुपका.

दुपारी कास्पारचा फोन आला. "बाई, तुम्ही काय करून बसलात?"

"जाळी टाकली. मासे धरणं ही चिथावणी असेल तर तसं कळवा, मी गावात सांगते."

मग तो म्हणाला, "जाळी म्हणजे कोळ्यांचा मामला. माझ्या खात्यात येत नाही," आणि फोन ठेवला.

गस्ती बोट आली, काठ्यांच्या कडेकडेने गेली. काठ्या उभ्याच राहिल्या. पुढचा दिवसही तसाच गेला, आणि उरलेली पाच घरं डहाळ्या डाव्या हाताला ठेवून जाळी काढून सुखरूप परतली. माइमू मात्र रोज वळणापाशी जाऊन इंजिन बंद करून बसायची.

तिथेच एकदा समोरून सावेलीची होडी आली. पलीकडच्या गावचा म्हातारा कोळी. येणंजाणं होतं तेव्हा तिच्या बापाच्या मातीला आलेला. तो रेषेपलीकडेच थांबला.

"काठ्या वेल्लोच्याच ना?" त्याने विचारलं.

"तू ओळखणार नाहीस तर कोण? कुठे ठेवलंय त्याला?"

"शहरात नेलंय म्हणतात. जास्त मला कुणी सांगत नाही." त्याने टोपी मागे सारली. "काठ्यांची काळजी करू नकोस. बोटीवरची दोन पोरं आमच्याच गावची. एकाने उपटायला आकडा घातला होता ह्या काठीला. दुसरा म्हणाला, सोड, कुणाचं तरी जाळं आहे."

काठ्या वाचल्या याचं तिला बरं वाटायला हवं होतं, पण हे ऐकणं जड गेलं. ती उठून उभी राहिली तशी होडी डगमगली.

"वेल्लोला नेलं त्या सकाळी बोटीवर हीच दोघं होती?"

सावेली पाण्याकडे बघत राहिला. "होती."

"त्या दुसऱ्याला विचार. फाटक्या जाळ्याची काठी उपटायला त्याचा हात धजला नाही. वेल्लोला तर तो नावाने ओळखतो. मग तेव्हा तो 'सोड' का म्हणाला नाही?"

सावेलीने इंजिनाची दोरी ओढली.

"विचारशील ना?" ती आवाज चढवून म्हणाली. "सावेली, विचारशील का त्याला?"