साहेबांच्या घरातले थोरले आणि धाकटे

कुवेत शहरातल्या मिरकाब भागातल्या ऑफिसात आमच्या स्कॉटिश साहेबांची सगळ्यांना धास्ती असे. त्यांच्या टेबलावर स्कॉटलंडमधल्या त्यांच्या घराण्याच्या जुन्या हवेलीचा फोटो होता. साठच्या दशकात कंपनीनं मला ट्रेनिंगसाठी ग्लासगोला पाठवलं, तेव्हा सुट्टीवर आलेल्या साहेबांनी ती हवेली पाहायला मला बोलावलं.

दार त्यांच्या थोरल्या भावानं उघडलं.

"बूट पुसून ये," तो खेकसला. मी ओशाळून खाली पाहिलं. पण ते मला नव्हतं. साहेब निमूटपणे पायपुसण्यावर बूट घासू लागले.

मग त्यांनी मला जिन्यातल्या पूर्वजांच्या तसबिरी दाखवल्या. दर पिढीत थोरला इथंच राहिला आणि धाकटे बाहेर गेले. एक मुंबईला जाऊन तापानं मेला, एक कलकत्त्याला गेला. तसबिरी मात्र सगळ्या थोरल्यांच्याच होत्या.

"धाकट्यांच्या कुठं आहेत?" मी विचारलं.

"वरचं छप्पर त्यांच्या कमाईचं आहे," साहेब म्हणाले.

मला हसू आवरेना. रत्नागिरीकडे आमच्या घरावर माझ्या पगारातून नवी कौलं चढली होती, आणि त्यांच्याखाली माझे मोठे भाई झोपाळ्यावर बसून गावाला सल्ले देत होते.

जेवताना थोरल्यानं विचारलं, "हे कुवेत नेमकं आहे तरी कुठं?" साहेब उत्साहानं सांगू लागले, तोवर तो कुत्र्याला हाड भरवायला वळला होता.

संध्याकाळी साहेब मला स्टेशनवर सोडायला आले.

"तुझा भाऊ काय करतो?"

"घर सांभाळतो, साहेब."

"माझाही," ते म्हणाले.