खडा घेऊन इस्तंबूलला

इस्तंबूल ठरलं ते घरातून पळ काढायला. मार्चमध्ये आमचं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं, आणि इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या घरात बाळासाठी ठेवलेल्या बॉक्सरूमचं दार मला उघडवेना. सासूबाई पुण्याहून आलेल्याच होत्या. त्यांना घेऊन निखिल आणि मी निघालो.

निघताना आईंनी बागेतला एक खडा रुमालात बांधला. तिघांनी मिळून निघू नये, म्हणून खडा चौथा. "आई, सिक्युरिटीला काय सांगायचं, फॅमिली मेंबर आहे?" निखिल हसला. मला त्या दगडाचा संताप आला. ती जागा ज्याची होती, तो गेला होता.

राहायला सुलतानअहमद हा जुना भाग बरा. आयासोफिया, निळी मशीद सगळं पायी होतं. सकाळी लवकर गेलात तर रांग कमी असते. पहिल्याच न्याहारीला वेटरने चार बशा मांडल्या. आम्ही तीन बोटं दाखवली. त्याने मान डोलावली, पण चौथी बशी काही उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी जमिनीखालचं प्राचीन टाकं पाहिलं. अंधारात खांबच खांब, खाली काळं पाणी. एका खांबाच्या तळाशी मेडुसाचं डोकं उलटं बसवलंय. तिने पाहिलं की माणसाचा दगड होतो म्हणे. ओल्या वाटेवर माझ्यामागे छोटी पावलं वाजत होती. वळून पाहिलं तर कोणी नव्हतं. मी घाबरले आणि आईंकडे खडा मागितला. त्या गारठ्यातही तो कोमट लागला.

संध्याकाळी एमिनोनूच्या धक्क्यावरून पलीकडच्या उस्कुदारची फेरीबोट घेतली. एकच ट्रान्सपोर्ट कार्ड सगळ्यांना चालतं, आणि चहा संपेपर्यंत युरोप मागे पडून आशिया येतो. चहावाल्याने न सांगता चार ग्लास ठेवले, चौथा माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेपुढे.

"ॲपल टी," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "छोट्यासाठी."

मग त्याने बाकाकडे नीट पाहिलं, ओशाळला आणि निघून गेला. मार्चपासून एकदाही न रडलेला निखिल त्या ग्लासाभोवती हात धरून रडला.

गेल्या आठवड्यात आई पुण्याला परतल्या. निघताना मला म्हणाल्या, "काम झालं की खडा टाकून द्यायचा असतो गं. आता तुम्ही दोघंच. ठेवलास तर तीन होतील."

मी बागेत गेले, बराच वेळ उभी राहिले आणि खडा घेऊनच परत आले. बॉक्सरूमचं दार उघडून तो खिडकीत ठेवला.

तीन तर तीन. आम्हाला तिघंच तर व्हायचं होतं.