दसऱ्याची हातोडी

"लोटो कुठं निजते?"

कुणाची जुनी गाडी बघायला गेले की काकांचा हा पहिला प्रश्न. लोटो म्हणजे गाडी, आमच्या मॉरिशसमध्ये मराठी माणूसही तिला लोटोच म्हणतो. गाडी किती जुनी, किती पळाली, हे सगळं नंतर. विकणारा गोंधळून त्यांच्याकडे बघत राही. मग ते समजावत, "म्हंजे उभी कुठं करता? समुद्राच्या कडेला?" समोरच्याने किनाऱ्यावरच्या माएबूर्गचं नाव काढलं की त्यांचं तोंड आंबट व्हायचं. खारा वारा पत्र्याला वरून हात लावत नाही, तो खालून खातो, असं त्यांचं म्हणणं. मग ते डोक्यावरची टोपी काढून विकणाऱ्याच्याच हातात द्यायचे, काखेतलं गोणपाट जमिनीवर पसरायचे आणि पाठीवर सरपटत गाडीखाली शिरायचे. बाहेर दिसायच्या फक्त चपला.

खालून आवाज यायचा. त्यांच्याकडे एक वीतभर दांड्याची हलकी हातोडी होती. तिने ते गाडीचा सांगाडा टोकापासून टोकापर्यंत वाजवत जायचे. चांगलं लोखंड ठण्ण करतं. गंजलेलं नुसतं थप्प म्हणतं. थप्प आलं की ते तिथेच थांबायचे आणि आडवे पडूनच निकाल द्यायचे, "लारूय!" हा इथला गंजाचा शब्द. त्यांच्या तोंडून तो शिवीसारखा यायचा.

सें पिएरजवळच्या साखर कारखान्याच्या गराजमध्ये ते मेकॅनिक होते आणि मी तिथला कारकून. रविवारी देवळात मुलांना बाराखडी शिकवायचो म्हणून ते मला मास्तर म्हणत. मी त्यांना काका म्हणायचो. ते दिवस इंग्रज साहेबांच्या परतीचे होते. जाताना साहेब आपली दोन सीटांची, उघड्या टपाची, तारांच्या चाकांची गाडी विकून जाई, आणि आमची पोरं, नुकती कुठे सरकारी कचेरीत चिकटलेली, त्या गाड्यांसाठी वेडी होत. बाप बैलगाडीवर ऊस वाहणारा आणि मुलगा साहेबाच्या गाडीत! का नाही वेडी होणार? पण गाडी घ्यायची तर आधी काकांना न्यायची, असा आमच्या भागात शिरस्ताच पडला होता.

मोका गावातल्या एका साहेबाकडे मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. लाल गाडी, आरशासारखी पुसलेली. काकांनी बॉनेटवर हात ठेवला, तो गरम होता.

"मिस्ये, आमी यायच्या आदी हिला उठवली कशाला? निजलेली दावायची. कसं हाय ते निजेतनं उठतानाच कळतं. माझ्या बायकोला इचारा."

मी ते इंग्रजीत जमेल तेवढं सौम्य करून सांगितलं. मग त्यांनी दार उघडलं. दार दोन बोटं खाली झुकलं. काकांनी ते उचलून लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा झुकलं. या गाड्यांना पत्र्याच्या आत लाकडाची चौकट असते, ती कुजली की दार असं मान टाकतं. "रंग नवा, लाकूड मेलेलं," ते म्हणाले आणि टोपी घेऊन चालू लागले. साहेब मागून काहीतरी ओरडत होता. त्याचं मात्र मी भाषांतर केलं नाही.

तुम्हीही असे लोक पाहिले असतील, ज्यांना आपल्या कामापुढे समोरचा कोण आहे हे दिसतच नाही. आम्ही त्यांच्या मागे हसायचो. पण त्यांनी थप्प म्हटलेली गाडी कुणी घेतली नाही, आणि ठण्ण म्हटलेली कधी कुणाला रस्त्यात सोडून गेली नाही.

आमच्या धाकट्याने मात्र त्यांना नेलं नाही.

माझा धाकटा भाऊ तेव्हा पोर्ट लुईला कचेरीत होता. माएबूर्गच्या एका इंजिनिअरची हिरवी गाडी त्याने परस्पर घेतली. काकांना दाखवली तर ते नको म्हणतील, हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती अंगणात आणून उभी केली. आई तिच्याभोवती फिरत राहिली, हात लावायची आणि पदराने पुसायची.

दसऱ्याला सकाळी आईने गाडीची पूजा केली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. नारळ फोडला. अर्धं गाव जमलं होतं, काकाही आले होते, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत. लोक मिठाई खात होते आणि ते एकटे गाडीपाशी उभे होते. त्यांनी हळूच दार उघडलं. दार झुकलं. ते तसेच, त्या पांढऱ्या कपड्यांनिशी, जमिनीवर आडवे झाले. लोक हसले.

हातोडी नव्हती. दसऱ्याला हत्यारं पुजली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. त्यांची हातोडी घरी देवापुढे हळदकुंकू लेवून बसली होती. त्यांनी मुठीने ठोकलं. मुठीला काय कळणार? पण बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मला त्यांनी पेरूच्या झाडाखाली नेलं.

"मास्तर, मला बरुबर वाटत न्हाय. फुडच्या चाकाच्या वर सांगाडा मऊ लागतो. सकाळच्याला हातोडी घेऊन येतो, तवर त्याला चालवू देऊ नका. मी वयनींना सांगतो."

मी पाहिलं. त्यांची वयनी, म्हणजे माझी आई, पाहुण्यांना प्रसाद देत होती. वडील गेल्यापासून तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"काका, आज नको," मी म्हणालो. "आत्ताच नारळ फोडलाय. पूजेच्या दिवशी अशुभ कशाला बोलायचं? उद्या सांगा."

त्यांनी सदऱ्याची माती झटकली. "मंग तुमी तरी त्याला थांबवा."

"थांबवतो," मी म्हणालो.

मी थांबवलं नाही. दुपारी धाकटा मोका गावातल्या मावशीला सोनं द्यायला निघाला. आपट्याचं झाड इथे कुठलं, आम्ही दुसरीच कसली पानं सोनं म्हणून वाटतो. शेजारच्या सीटवर त्या पानांची टोपली होती. मी फाटकापर्यंत गेलो. सावकाश जा, एवढंच म्हणालो. त्याने हॉर्न वाजवला.

तीन मैलांवर वळणाला पुढचं चाक सांगाड्यासकट निसटलं. ऊस नुकताच कापला होता आणि शेताच्या कडेला आमच्या आज्यांनी वेचून रचलेली काळ्या दगडांची रास होती. गाडी तिच्यावर गेली. ज्यांनी त्याला उचलून आणलं, त्यांच्या कपड्यांना ती पानं चिकटली होती.

तेराव्याला काका आले. आईने त्यांना दारातच अडवलं.

"भावजी, तुमी खाली शिरला होता ना? मी बगितलं हाय. मंग बोलला का न्हाय?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं.

"चुकलं माजं, वयनी," ते म्हणाले. उंबऱ्याबाहेरूनच हात जोडून निघून गेले.

त्यानंतर त्यांना गाडी बघायला कुणी नेलं नाही. सारा गाव म्हणाला, त्याला कळलं होतं आणि तोंडात मिठाई धरून गप्प बसला. गराजमध्ये आम्ही आणखी सात वर्षं एकाच छपराखाली काम केलं. सुट्या भागांच्या चिठ्ठ्यांवर ते माझ्या टेबलाशी येऊन अंगठा देत. मास्तर म्हणायचं त्यांनी कधी सोडलं नाही. त्यांनी मला एकदा तरी शिवी द्यायला हवी होती. दिली असती तर कदाचित मी बोललो असतो, असं मी स्वतःला सांगतो. तेही खरं नसावं.

देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या वर्षी ते गेले. आई म्हणाली, "मी न्हाय जायची त्याच्या दारात." मी एकटा गेलो. त्यांच्या बायकोने आतून फडक्यात गुंडाळलेली हातोडी आणून माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "मास्तरांना द्या म्हनले होते. मागली काई वर्सं दसऱ्याला समदी हत्यारं पुजायचे, हिला न्हाय. ही त्या दिवशी खिशात घेऊन हिंडायचे. का, ते कधी बोलले न्हाईत."

तिलाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी हातोडी घरी आणून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली, लपवायचं धाडसही झालं नाही. दुसऱ्या दिवशी आई त्याच हातोडीने नारळ फोडत बसली होती.

"हलकी हाय, हाताला बसते," ती म्हणाली. "कुनाची रं?"

"गराजची," मी म्हणालो.