सासूबाईंनी विचारलेलं नाव

परवा बोरिवलीच्या बाजारात सुकटीचा वास आला आणि गोराईतल्या सासरची एक जुनी दुपार आठवली. पाचव्या महिन्यात माझं पोटातलं बाळ गेलं, त्याला पंधरा दिवस झाले होते. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "होईल गं परत, तरुण आहेस." मी नुसती मान हलवायचे.

त्या दुपारी सासूबाई सुकट निवडत माझ्याजवळ बसल्या. मग हात न थांबवता म्हणाल्या, "नाव ठरवलेलंस का गं?"

"मुलगी असती तर रेवा." हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"रेवा," त्या हळूच म्हणाल्या, आणि मी पहिल्यांदा रडले. त्यांनी मला थांबवलं नाही.

बाकीच्यांनी पुढच्या बाळाचा धीर दिला. या बाळाची आई मला फक्त त्यांनीच मानलं, हे आज कळतं.