पश्चिमेकडची भिंत

कुठल्याही नव्या घरात शिरला की तो आधी चपला काढायचा आणि मग उजव्या हाताचा अंगठा भिंतीवरून फिरवायचा. एक डोळा मिटून. मालक बोलत असायचा, पार्टी खिडकीतून बाहेर बघत असायची, आणि हा आपला कोपऱ्यात अंगठा घासतोय. मग मान हलवायचा. "नाय. हा पीस पास नाय."

आता तुम्हीच सांगा, जागा विकायला निघालेला माणूस असं बोलतो का? तुम्हीही एजंट बघितले असतील. पाणी यायच्या टायमाला पार्टीला नेतात, नळ धो धो सोडून दाखवतात. हा नेमका पाणी गेल्यावर न्यायचा. कोरडा नळ उघडून म्हणायचा, "दिवसभर हे असं. सकाळी पाऊण तास येतं. चालत असेल तर बोला." पार्टी जिना उतरायची ती परत यायची नाही.

त्याला दोष तरी काय देणार? माजिवड्याच्या कंपनीत आम्ही सोळा वर्षं एकत्र होतो. मी माल चढवायचो-उतरवायचो, तो चेकर. लेथवरून आलेला एकेक पीस अंगठ्याने चाचपायचा आणि केसाएवढी चीर लागली तरी बाजूला फेकायचा. साहेब ओरडला तरी ऐकायचा नाही. मग ऐंशी सालानंतर कंपनीला टाळं लागलं. मी डोंबिवलीत एका गोदामात हमालीला लागलो. माझ्या पाठीला कुठेही काम होतं, त्याच्या अंगठ्याला कुठेच नव्हतं. मेव्हणा म्हणाला, एजंट हो, जिकडे तिकडे बिल्डिंगा उठतायत, भांडवल लागत नाही, फक्त तोंड लागतं. तेच तर त्याच्याकडे नव्हतं.

ठाकुर्लीला एका लाँड्रीबाहेरच्या बाकड्यावर तो बसायचा. वर पत्र्याची पाटी, 'जागा घेणे-देणे'. मी जाता-येता टेकायचो. एकदा म्हणाला, "अरे, कंपनीत आठ तास उभा राहून कधी दमलो नाय. ह्या बोलण्यानं दमतो." चेहराच सांगायचा ते.

आमच्या चाळमालकाला चाळ पाडायची होती. दिवाळीपर्यंत खोली सोडा म्हणाला. माझी बायको बारा वर्षं पहाटे डबा घेऊन चाळीच्या संडासाच्या रांगेत उभी राहिलेली. पोटुशी होती तेव्हाही. तिला घर म्हणजे काय, तर आत संडास-मोरी आणि आतून कडी. बाकी काही मागणं नव्हतं तिचं. मी त्याच्याकडेच गेलो, दुसऱ्या कोणाकडे जाणार?

त्याने अकरा घरं दाखवली आणि अकराही स्वतःच नापास केली.

"भावोजी, घर बघताय की मुलगी? किती खोड काढाल!" बायको एकदा रस्त्यातच वैतागली.

"वहिनी, राहायचं तुम्हाला. मी काय, दलाली घेऊन मोकळा."

"मग व्हा ना एकदाचे मोकळे!"

बारावं घर डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या माळ्यावर. एक खोली, एक किचन. बायको मोरीत गेली, आतून कडी लावली, काढली, परत लावली. बराच वेळ आतच होती. बाहेर आली ती माझ्या पाठीमागे किचनच्या दारात उभी राहिली. तो पश्चिमेच्या भिंतीपाशी होता. खिडकीखाली त्याचा अंगठा थांबला. मी बघितला थांबलेला. त्याने मान वर केली, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. मग म्हणाला, "चालेल."

मीही दमलेलो. विचारलं नाही. दोन दिवसांनी बयाणा दिला.

पुढच्या आषाढात ती भिंत अशी पाझरली की गाद्या उचलून किचनमध्ये झोपावं लागलं. मी तोंडाचा फटकळ. तडक लाँड्रीवर गेलो आणि चार माणसांत बोललो, "सोळा वर्षं एक पीस सोडला नाहीस, आणि माझ्याच घराला दोन्ही डोळे मिटलेस? बिल्डरने किती चारले?"

तो बाकड्यावरून उठला. "चूक झाली," एवढंच म्हणाला. "उघडीप झाली की बघतो."

आणि खरंच आला. दलाली घेतली की एजंट आपली सावली दाखवत नाही, हा मात्र दर मे महिन्यात यायचा. थापी, घमेलं, सिमेंटची पुडी, सगळं विठ्ठलवाडीच्या आपल्या घरून स्वतः उचलून. कमरेला दोर बांधून खिडकीतून बाहेर छज्ज्यावर उतरायचा आणि ती चीर खरवडून परत भरायचा. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. मी दोर धरायचो आणि शिव्या द्यायचो. दलाल झालास, दगाबाज झालास, असं काय काय. तो बाहेरून ओरडायचा, "दोर ढिला सोडू नको! शिव्या नंतर दे!"

बायको आतून म्हणायची, "अहो, पुरे झालं आता." मला वाटायचं, दया येते तिला.

आठ वर्षं असं चाललं. मग एका मे महिन्यात तो आला नाही. पाऊस लागल्यावर लाँड्रीवाल्याकडून कळलं, छातीत कळ येऊन गेला, दोन महिने झाले. मी भेटायला गेलो नाही. लिहायला लाज वाटते, पण नाही गेलो. भिंत तेव्हापासून दर पावसात पाझरते. मी लिंपून बघितली, माझ्या हाताला ती जमत नाही.

गेल्या उन्हाळ्यात बायको कल्याणच्या दवाखान्यात होती. श्वास पुरत नव्हता. एका दुपारी मला म्हणाली, "त्या भावोजींना बोलायचात ना, ते मी थांबवायला हवं होतं. त्यांनी चीर बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी तुमच्या पाठीमागून हात जोडलेले."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"आधी भीती वाटली. मग सवय झाली."

चार दिवसांनी ती गेली. मी तिच्यावर रागावलो नाही. रागवायला ती नव्हतीच.

तेरावं उरकल्यावर, भर पावसात, विठ्ठलवाडीला गेलो. त्याच्या बायकोने दार उघडलं. मी बसलो, डोकं पुसलं. मग म्हटलं, "मी त्याला फार बोललो, वहिनी. त्याची चूक नव्हती."

"तुमच्याकडे यायचा दिवस ना?" त्या म्हणाल्या. "आदल्या दिवसापासून खूश असायचे. थापी घासूनपुसून ठेवायचे, दाढी करताना शिट्टी वाजवायचे. वर्षभर घरात तोंड उघडायचे नाहीत, त्या दिवशी मात्र बडबड. म्हणायचे, आज हाताला काम आहे." मग त्यांनी विचारलं, "कशी आहे हो ती भिंत आता?"

सकाळीच मी तिथलं फडकं तीनदा पिळून निघालेलो.

"कोरडी आहे," म्हटलं.

"यंदाही?"

"यंदाही. टिपूस नाही."

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि उठून चहाचं आधण ठेवलं.