शाल शेजारच्यांना

आम्ही जळगावला मेहरूणमध्ये राहतो. आमचे हे आणि शेजारचे सर एकाच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. शेजारी दार लावलेलं असतं. "हळू बोला, साहेब लिहितायत," असं त्यांची बायको कुजबुजते. आमच्याकडे संध्याकाळी ओसरीवर यांच्याकडे शिकायला आलेली कॉलेजची मुलंच मुलं. त्यात शेजारच्या सरांचे विद्यार्थीही असतात. मी आतून चहा देते, बाहेर जात नाही. अवघड काही सांगून झालं की हे बोट वर करून थांबतात आणि विचारतात, "मागे पोचलं का?"

सरांचे निबंध छापून आले, ते मोठे प्रोफेसर झाले. यांनी काही छापलं नाही. लेकीने पीएचडी करायची ठरवली, तेव्हा म्हणूनच विद्यापीठाच्या नियमाने हे तिचे मार्गदर्शक होऊ शकले नाहीत. झाले शेजारचे सर. लहानपणापासून शिकवलं यांनी, आणि ती विद्यार्थिनी म्हणवणार दुसऱ्याची. मला ते घशाखाली उतरेना.

लेक म्हणायची, "आई, केळीच्या रोगावर सरांनी जे शोधलंय ते बाबांना नाही माहीत." असेल. मला राग आला तो आलाच.

शेवटच्या तोंडी परीक्षेला मीही गेले. मागच्या रांगेत शेजारीण माझ्याजवळ बसली. मी चौथी शिकलेली, लेक काय बोलतेय ते कळत नव्हतं. एका बाहेरच्या सरांनी काही विचारलं. लेकीने फळ्यावर केळीचं पान काढलं, समजावलं, मग बोट वर करून थांबली. "मागे पोचलं का?"

सगळे हसले. मी पुढच्या रांगेत बसलेल्या यांच्याकडे पाहिलं.

शेजारीण माझ्या कानाशी लागली, "बघा ताई, साहेबांनी कशी तयार केलीये."

सांगायचं होतं, हे तुमच्या घरचं नाही. तोंडून निघालं फक्त, "हो ना."

नंतर रीतीप्रमाणे लेकीने सरांना शाल-नारळ दिला. शाल मीच निवडली होती. हलकी घ्यायची होती, पण लेकीला लाज वाटायला नको म्हणून चांगली घेतली. त्यांच्या खांद्यावर ती फार शोभली. हे पुढे उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझे हात पदरातच राहिले.

घरी आल्यावर यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तू कसाले जळस? पोर तं आपलीच शे."

मी चहा ठेवायला आत गेले. आपली आहे, म्हणूनच तर.